तीनशे बारा स्थळं आणि एक पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. बिबवेवाडीतल्या एका वधूवर सूचक केंद्रात खिडकीखालच्या टेबलावर गेली अकरा वर्षं बसून आहे. एवढी लग्नं जमवली, पण एकाही घरानं मला पत्रिका पाठवली नाही.

केंद्र सरोजिनीबाईंचं. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. माझ्या पोटात तीनशे बारा स्थळांची माहिती आहे: उंची, पगार, गोत्र, अपेक्षा. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. अंगावर क्रोशाचं कापड, दसऱ्याला झेंडू. पण जो तो वरपिता आपला पेनड्राइव्ह मला लावायचा आणि मुलाच्या फोटोबरोबर एखादा व्हायरसही सोडून जायचा. मी मंदावलो. "ह्याच्या वेगानं आमची मुलगी नवऱ्यामुलाआधी पेन्शन बघेल," असं बापूराव नावाच्या एका वधूपित्यानं मला तोंडावर ऐकवलं.

मी भंगारात जाणार होतो. पण सरोजिनीबाईंची भाची तनुजा आयटीत आहे. ती एका शनिवारी आली. तिनं माहिती पेनड्राइव्हवर काढली, मला पुसून कोरं केलं आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स ही नवी प्रणाली बसवली. सगळे अपडेट घेतले, फायरवॉल लावली. डिस्कही कुलूपबंद केली, म्हणजे चालू होताना पासवर्ड दिल्याशिवाय मी कोणाला एक अक्षर दाखवणार नाही. मग माहिती परत माझ्या पोटात घातली. मला पुन्हा विशीत आल्यासारखं वाटलं.

"मावशी, हा माझा पासवर्ड तात्पुरता आहे. आता तुझा टाक. कोणालाच सांगू नकोस," म्हणून तनुजानं पाठ फिरवली. सरोजिनीबाईंनी टाकला. पडद्यावर नुसती टिंबं.

"आणि तो माहितीचा पेनड्राइव्ह पूस. तीनशे बारा घरांचे पगार तुझ्या पर्समधून स्वारगेटवर हिंडायला नकोत," सरोजिनीबाईंनी बजावलं.

तनुजाला ते पटलं. तिनं तो पुसला. मला बंद करून दोघी समाधानानं जेवायला गेल्या.

रविवारी दहाला मेळावा होता. आठला सरोजिनीबाई यादी छापायला बसल्या. पासवर्ड टाकला. मी म्हटलं, चूक. पुन्हा टाकला. चूक. मला वाईट वाटत होतं, पण तनुजानं मला हेच शिकवलं होतं. स्थळं माझ्या पोटात सुखरूप होती आणि कायमची हरवलीही होती.

तनुजा रिक्षानं आली. "काय टाकला होतास?"

"कोणालाच सांगायचा नाही ना?"

"मला चालेल गं."

"काल चालत नव्हतं."

एवढ्यात बापूराव वेळेआधी हजर. दोघींचे चेहरे बघून म्हणाले, "अहो, मेळावा आहे की शोकसभा?"

तनुजानं तिकडे लक्ष दिलं नाही. "बरं, पासवर्ड राहू दे. काल कीबोर्ड मराठीवर होता का?"

"मग? मी कायम मराठीतच टाइप करते. पासवर्डनं काय घोडं मारलंय?"

तनुजा मटकन खुर्चीत बसली. मित्रांनो, चालू होताना मला फक्त इंग्रजी समजतं. मराठी मला पूर्ण जागं झाल्यावर येतं, आणि पूर्ण जागं व्हायला तो पासवर्डच हवा होता.

नशीब, लिनक्सचा पेनड्राइव्ह तिनं पुसला नव्हता. त्यावरून, डिस्क न उघडताच, मला पूर्ण उठवलं, कीबोर्ड मराठी केला आणि पुन्हा पाठ फिरवली. सरोजिनीबाईंनी एकेक अक्षर दाबलं. बापूरावांनीही नकळत पाठ फिरवली.

डिस्क उघडली. साडेनऊ झाले होते. सरोजिनीबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तनुजानं इंग्रजी अक्षरांचा आणखी एक पासवर्ड घालून घेतला, मला दोनदा बंद-चालू केलं आणि माहितीची एक नक्कल वेगळ्या कुलूपबंद पेनड्राइव्हवर घेतली.

"हा कपाटात ठेव. आणि हा पुसायला सांगू नकोस."

"आज मी टेबलसुद्धा पुसणार नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हाला जरूर कुलूप लावा. पण किल्ली चालते का, ते एकदा बाहेर उभं राहून बघा, आणि मगच बाकीचं पुसा. आम्ही म्हातारे जीव तोडून काम करतो. आमच्यावर माया करा, आमची धूळ झटका. फक्त आमच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.