निहालची नखं

निहाल पार्लरमध्ये आली ती अंगठा मुठीत लपवून. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं.

"इन्शिराहताई, हे एक जरा उचललंय. वरून गोंद टाक आणि दाब."

दाबतेय! खोटं नख भिजवून काढलं, तर खाली खरं नख शेवाळल्यासारखं हिरवं. सुटलेल्या नखाखाली पाणी शिरलेलं, आणि या शहाणीनं वरून चपलेचा गोंद ओतून ते आत कोंडलेलं.

"यावर काही लावायचं नाही. दहाही काढू. डॉक्टरला दाखव, आणि नवं नख येईपर्यंत हात मोकळे."

"मोकळ्या हातांनी लग्नाला बसू? लोक शेण घालतील तोंडात!"

"घालू देत. खरं नख गळून पडलं तर ते मी आणून देऊ का?"

ती रडली. मलाही वाईट वाटलं. कापूस गुंडाळून एकेक भिजवून काढलं, ओढलं एकही नाही. तोवर तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

लग्नात तिची सासू, हज करून आलेल्या दौलतबाई, सुनेचे हात उलटसुलट बघत राहिल्या. खोट्या नखांखाली पाणी पोचत नाही, नमाजाआधीचं हातपाय धुणं म्हणजे वजू होत नाही, नमाज होत नाही, हे आमच्या अलेक्झांड्रियात शेंबडं पोरही सांगेल. म्हणून बायका ती लावतात पाळीत, तेव्हा नमाज माफ असते. दौलतबाई हॉलभर ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "माशाअल्लाह! नमाज चुकू नये म्हणून पोरीनं स्वतःच्या लग्नातसुद्धा नखं लावली नाहीत!"

निहाल कधीतरी ईदला नमाज पढायची. पण भर हॉलमध्ये बोलणार कोण?

काही महिन्यांनी ती आली. नख स्वच्छ, गुलाबी. डोळ्यांखाली मात्र काळं.

"नखं लाव, ताई."

"अगं, आत्ता कुठे बरं झालंय. विश्रांती दे त्याला."

"रोज पहाटे अजान झाली की सासूबाई दार वाजवतात. 'ऊठ गं माझी गुणाची!' हातावर खोटी नखं दिसली की अडचण आहे समजून झोपू देतील."

"मग पाळीत लावू."

"परवाच संपली."

"निहाल!"

"नखाला विश्रांती म्हणे. आणि मला गं?"

मी गोंदाची बाटली कपाटात ठेवली आणि चिकटपट्टीची नखं काढली, कोमट पाण्यात हात बुडवले की अलगद सुटणारी.

"दोनच दिवस हं," मी म्हटलं.

ती खुर्चीतच झोपली होती.