निळी कार्डं

हितेंद्र डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होता आणि प्रेसवाला घाई करत होता, म्हणून कालिंदीबाईंनी त्याची सगळी कार्डं अकारविल्हे लावून टाकली. गिरगावातल्या वाचनालयासाठी दोघं मराठीत आलेल्या अरबी शब्दांचा कोश करत होती. शब्द हितेंद्रचे, संपादन बाईंचं. मधूनमधून येणाऱ्या निळ्या कार्डांवर नुसती तीन-तीन अरबी अक्षरं होती. बाईंना अरबी वाचता येत नव्हतं. नुसती मधली विभागणी समजून त्यांनी ती रद्दीत घातली.

एक फोन केला असता तर!

हितेंद्र फणसवाडीतल्या घरी परतला, पण नजर परतली नाही. बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी निळ्या कार्डांचं सांगून टाकलं.

"बाई, निळं कार्ड म्हणजे घर, शब्दांचं तीन अक्षरी मूळ. त्याच्यामागे लावलेली कार्डं त्या घरातल्या शब्दांची. प्रत्येक कार्डावर मूळ कुठे लिहीत बसू, म्हणून..."

"मी एकेक वाचते. तू मूळ सांग. तालीम?"

"ऐन, लाम, मीम." त्याचा चेहरा उजळला. "मुळात खूण. खुणेवरून ओळख, ओळखीतून ज्ञान. इलम, मालूम, उलेमा, सगळे इथलेच. लालबागची कुस्तीची तालीमसुद्धा."

"घरात साखरेचा डबा कुठंय ते माहीत नाही," त्याची बायको मेघना चहा ठेवत म्हणाली, "अरबांच्या घरातलं मात्र सगळं ठाऊक!"

तिघंही हसली. बाईंनी पुढचं कार्ड घेतलं. "मामला?"

"ऐन, लाम, मीम. नाही, थांबा. ऐन, मीम, लाम? काम करणं... बहुतेक."

बाईंची पेन्सिल थांबली. हितेंद्रने हात पुढे केला, जणू टेबलावरचा जाडा अरबी कोश उघडणार होता. मग हात मागे घेतला.

"बहुतेक लिहू नका. स्वतः पडताळल्याशिवाय मी एक कार्ड केलं नाही."

"अरबी वाचणारा कुणी तरी बसवू रे."

"नऊ वर्षं लागली होती, बाई. आणखी नऊ कुठून आणू? मुळं वगळा."

बाई तशाच प्रेसमध्ये गेल्या. मुखपृष्ठावरचं 'व्युत्पत्तीसह' काढायला सांगितलं.

"मग नुसती यादीच राहते की!" प्रेसवाला म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "कोशाची यादी मीच केली."