दहा यार्डांची साखळी

बेल्मॉर आणि हार्डविक या दोन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी एक वाजता सुरू व्हायचा. माझ्या वडिलांच्या लहानपणीही तो एक वाजताच सुरू व्हायचा. या वर्षी टीव्हीवाल्यांनी तो सकाळी साडेनऊला ठेवला, कारण तेव्हा पूर्व किनाऱ्यावर साडेबारा वाजलेले असतात आणि तिकडचे लोक जेवणाच्या ताटासह टीव्हीसमोर बसलेले असतात. आम्हाला हे जेमतेम दोन आठवडे आधी कळलं. माझा नवरा ऑरिन म्हणाला, "ही धारा काढायची वेळ आहे," आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

तो त्या महिन्यांत कोणत्याच विषयावर फारसं बोलत नव्हता.

ऑरिनने आयुष्यभर गव्हाची कापणीयंत्रं दुरुस्त केली. मी इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. शरद ऋतूतल्या शनिवारी आम्ही दोघं बेल्मॉरच्या स्टेडियममध्ये काम करायचो. मी वरच्या खोलीत बसून सामन्याचं घड्याळ चालवायची आणि तो खाली मैदानाच्या कडेला साखळी धरायचा. चेंडू घेऊन धावणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. गेला की नाही हे ठरवायला कडेला दोन काठ्या असतात आणि त्यांच्यामध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. मागची काठी सुरुवातीच्या जागी, पुढची जिथे पोचायचं तिथे. साखळीवाल्यांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत, ओरडायचं नाही, कुठल्याही रंगाची टोपी घालायची नाही. ऑरिनला हे फार आवडायचं. आपलं विद्यापीठ हरत असताना दगडासारखा चेहरा ठेवणं ही त्याच्या लेखी मोठी गोष्ट होती.

बाकीच्या सामन्यांत दोन्ही काठ्या आमच्या गावातली माणसं धरायची. हार्डविकविरुद्धच्या सामन्यात मात्र पुढची काठी त्यांच्या माणसाकडे असायची. कधीतरी फार पूर्वी मोजणीवरून मारामारी झाली होती, तेव्हापासूनची ही पद्धत. हार्डविक आमच्यापासून पन्नास मैलांवर आहे. गेली पंचवीसेक वर्षं त्यांचा माणूस म्हणजे वेंडल अम्स्टुट्झ, गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त. एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे, पण मागे ऑरिन आणि पुढे वेंडल हे ठरलेलं. या ओळखीतून पुढे सगळं झालं. मासे धरायला एकत्र जाणं, वेंडलची बायको आजारी असताना ऑरिनने त्याच्या छपराचं काम पुरं करणं, आणि दर ऑगस्टमध्ये डोंगरावर जाऊन हकलबेरी नावाची रानफळं तोडणं. त्या बेरींचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, मी सामन्याच्या दिवशी करायची आणि मध्यंतरात ते दोघं डब्यातूनच खायचे.

या ऑगस्टमध्येही ते डोंगरावर गेले. दोन बादल्या भरून बेरी आणल्या. नंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी हार्डविकने जाहीर केलं की ते आमची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडून पूर्वेकडच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये जात आहेत. कारण सगळ्यांना माहीत होतं. तिकडच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी वाहिन्या आमच्या चौपट पैसे मोजतात. वसंतात दोन्ही विद्यापीठांच्या अध्यक्षांनी एकत्र राहण्याचं बोलून दाखवलं होतं, हातात हात घालून फोटोही काढला होता. तो फोटो आमच्या किराणा दुकानात अजून लावलेला आहे. कोणीतरी त्यावर मिशा काढल्या आहेत.

हार्डविक गेल्यावर आणखी तीन विद्यापीठं गेली. आम्ही उरलेल्यांत राहिलो. आमच्याकडचा पोहण्याचा संघ बंद झाला, कुस्तीचा होण्याच्या बेतात आहे. हार्डविकच्या मुली पुढच्या वर्षापासून व्हॉलीबॉल खेळायला अडीच हजार मैल विमानाने जाणार आणि परतीच्या विमानात अभ्यास करणार. आमच्या दोन विद्यापीठांचा हा सामनाही तेव्हापासून नाही. त्यांच्या वेळापत्रकात जागाच नाही म्हणतात.

ऑरिनला याचं वाईट वाटलं, पण त्याचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. वेंडल हार्डविकच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळावर आहे. मंडळाला हे जुलैतच सांगितलं होतं, कुठे बोलायचं नाही या अटीवर. म्हणजे डोंगरावर पूर्ण दिवस शेजारी बसून बेरी तोडताना त्याला माहीत होतं आणि तो गप्प राहिला. वेंडलने नंतर दोनदा फोन केला. ऑरिनने घेतला नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "पाय करू नकोस."

मी केला. बेरी फ्रीजरमध्ये होत्या आणि त्या तोडताना कोण काय लपवत होतं याच्याशी बेरींचा संबंध नव्हता.

सकाळी सातला आम्ही पोचलो तेव्हा पार्किंगच्या गवतावर दहिवर पांढरं पडलेलं होतं. लोक ट्रकच्या मागच्या फळ्या उघडून तव्यावर पॅनकेक आणि बेकन परतत होते. नेहमी दुपारी जे बर्गर असतात त्यांची वेळच नव्हती. काहींनी कॉफीच्या पेल्यात बिअर ओतली होती आणि ती पिताना त्यांचे चेहरे औषध घेतल्यासारखे होत होते. एका म्हाताऱ्याने ऑरिनला विचारलं की पुढच्या वर्षी साखळी कोण धरणार. नव्या व्यवस्थेत साखळीवाले कॉन्फरन्सच पाठवणार आहे, गणवेशासकट. ऑरिन म्हणाला, "ज्याचे गुडघे चांगले असतील तो."

मी डबा घेऊन वर गेले.

सामना लांबत गेला. टीव्हीवरच्या सामन्यात वाहिनीचा एक माणूस मैदानाच्या कडेला लाल हातमोजे घालून उभा असतो. जाहिराती सुरू झाल्या की तो हात वर करतो आणि जाहिराती संपेपर्यंत पंचसुद्धा खेळ सुरू करू शकत नाहीत. पूर्वी या वेळात पाणी पिऊन होईपर्यंत हात खाली यायचे. आता माझ्या शेजारी बसणारा क्लाइड, जो गुणफलक चालवतो, तेवढ्यात शौचालयात जाऊन रांगेत उभा राहून परत येतो. "एवढ्या वेळात माझ्या वडिलांनी घर विकलं असतं," तो म्हणाला.

माझं घड्याळ थांबलेलं असलं की मला काही काम नसतं. मी दुर्बिणीतून खाली बघत होते. बावीस खेळाडू वाफा सोडत उभे होते, आणि कडेला ते दोघं, दहा यार्डांच्या अंतरावर, मध्ये साखळी. वेंडल मधूनमधून ऑरिनकडे बघायचा. ऑरिन समोरच्या रिकाम्या बाकांकडे.

मध्यंतरात मी डबा घेऊन खाली गेले. वेंडलने मला मिठी मारली. तो बारीक झाला होता. ऑरिन म्हणाला की त्याला भूक नाही, आणि खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्यात जाऊन उभा राहिला. वेंडलने डब्याकडे बघितलं आणि म्हणाला की एकट्याने सुरुवात करणं बरं दिसत नाही. मी डबा तसाच बाकाखाली ठेवला. लाल हातमोजेवाला तिथेच बसून पोटऱ्या चोळत होता. मी त्याला विचारलं, हात दुखत नाहीत का. तो काल दुसऱ्या राज्यात होता आणि परवा तिसऱ्यात असणार होता. "बाई, कानात सांगतात तेव्हा वर करतो, कानात सांगतात तेव्हा खाली," तो म्हणाला. "मला तरी कुठे घरी जाता येतंय."

शेवटच्या भागात आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. मधेच आमचा एक खेळाडू पायात गोळा येऊन पडला. खेळ थांबला आणि लाल हात वर गेले.

साखळीवाल्यांचा एक नियम असा आहे की त्याला नियमही म्हणत नाहीत. चार प्रयत्न संपेपर्यंत काठी जागची हलवायची नाही. कोणी खेळाडू येऊन आदळला तर काठी सोडायची, पण ती उचलून चालू लागायचं नाही. तरीही धक्के लागतातच, म्हणून साखळीवर एक चिमटा असतो. मैदानावरच्या जवळच्या पाच यार्डांच्या रेषेवर साखळीची जी कडी येते, तिला तो लावतात. मग साखळी कुठेही गेली तरी चिमटा त्या रेषेवर धरला की दोन्ही काठ्या आपोआप आपल्या जागी येतात. ऑरिनची बोटं जाड आहेत, त्यामुळे या सामन्यात चिमटा नेहमी वेंडल लावतो.

मी दुर्बीण लावली तेव्हा ऑरिन चालत होता. काठी हातात होती. फिरायला निघालेला माणूस काठी टेकत जातो तसा तो वेंडलच्या दिशेने जात होता आणि साखळी मागून गवतावर ओढली जात होती.

मी क्लाइडला काही बोलले नाही. सगळे कॅमेरे बंद होते, पंच जखमी खेळाडूभोवती होते, प्रेक्षक हात चोळत होते. दोघं समोरासमोर उभे राहिले. ऑरिन काहीतरी बोलला. वेंडलने उत्तर दिलं. मग दोघांचीही नजर एकदमच खाली साखळीवर गेली.

ऑरिनचा चेहरा मला इतक्या वरूनही समजला. तीस वर्षं तव्याखालचा गॅस बंद केला की नाही हे दोनदा बघणारा माणूस तो.

वेंडल गुडघ्यांवर बसला, त्याने साखळी चाचपली आणि चिमटा शोधला. तो रेषेवर धरला आणि ऑरिनला हाताने मागे जायची खूण केली. या सगळ्यात त्याची पाठ माझ्याकडे होती. चिमटा त्याच कडीवर होता की ओढाओढीत सरकला होता की निसटला होता, ते मला दिसलं नाही. ऑरिन मागे गेला, साखळी ताणली गेली, काठी उभी राहिली. लाल हात खाली आले.

पुढच्या दोन प्रयत्नांनंतर चेंडू असा पडला की नुसत्या नजरेने काही सांगता येईना. पंचांनी मोजणी मागवली. दोघं साखळी घेऊन मैदानात आले. चाळीस हजार माणसं उभी राहिली. चिमटा रेषेवर धरला, ऑरिन मागे, वेंडल पुढे, साखळी ताणली. चेंडू पुढच्या काठीच्या अलीकडे राहिला होता. तळहाताएवढा.

आमचे चारही प्रयत्न संपले होते, म्हणून चेंडू हार्डविकला मिळाला. त्यांनी उरलेला वेळ काढला आणि मी घड्याळ शून्यावर जाऊ दिलं.

लोकांनी आरडाओरडा केला, पण थोडाच. बहुतेक जण आधीच गाड्यांकडे निघाले होते. दुपारचा एक वाजला होता, म्हणजे सामना सुरू व्हायची वेळ.

मी खाली गेले तेव्हा वेंडल साखळी गुंडाळून पिशवीत भरत होता आणि ऑरिन पिशवीचं तोंड धरून उभा होता. आमच्या मैदानावर हे काम नेहमी असंच करतात. बाकाखालचा डबा बाकावर आला होता. त्यातला एक तुकडा गेला होता, काट्याने नाही, हाताने तोडलेला.

"थिया, गोड जास्त झालाय," ऑरिन म्हणाला.

"याला दरवर्षी गोड जास्तच लागतो," वेंडल म्हणाला. "लेका, खातोस कशाला मग?"

ऑरिनने डब्याचं झाकण लावलं आणि डबा वेंडलच्या हातात दिला. "बाकीचा घरी ने. डबा धुऊन परत आण."

"पाठवून देतो टपालाने."

"टपालाने नको," ऑरिन म्हणाला. "डबा चांगला आहे. पोचे पडतील."

वेंडलने मान हलवली. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. त्यात तो काय घालून आणणार हे त्याला ठरवावं लागेल, कारण त्याची बायको वसंतात गेली आणि स्वयंपाक त्याला येत नाही. पण ते त्याचं तो बघेल.

परतीच्या वाटेवर हायवेपर्यंत गाड्यांची रांग लागली होती. रेडिओवर कोणीतरी सांगत होतं की मोठ्या कॉन्फरन्समध्ये आणखी दोन जागा भरायच्या आहेत आणि आमचं नावही चर्चेत आहे. ऑरिनने रेडिओ बंद केला. मग त्याने आपणहून सांगितलं की तिथे काय बोलणं झालं. काठी हातात आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं. सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, ते म्हणून टाकायचं होतं, आणि ते लाल हात खाली येतच नव्हते. तो वेंडलला म्हणाला होता, डोंगरावर सांगता आलं असतं.

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, सांगणार होतो. पण तुझी बादली अर्धीच भरली होती."

ऑरिन हसला नाही, पण स्टीअरिंगवरचे हात जरा सैल झाले. पुढचा ट्रक सरकला, आम्हीही थोडे सरकलो.

मला ती मोजणी सोडवत नव्हती. ओढलेली साखळी, तळहाताएवढं अंतर, आणि हार्डविकचा माणूस माझ्याकडे पाठ करून बसलेला. मी वर्गात मुलांना सांगायची की जे दिसलं नाही ते दिसलं नाही असंच लिहा. ऑरिनला जवळून दिसलं असणार असं मला वाटलं.

"ऑरिन," मी विचारलं, "तू परत मागे गेलास तेव्हा चिमटा सरकला नव्हता ना? तू बघितलास?"

त्याने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. रांग पुन्हा थांबली होती.

"वेंडलने लावला होता," तो म्हणाला, आणि गाडीचा हीटर वाढवला.