एका तासाचे देणे

पणजी प्रसूतिगृहाच्या धुणीघरात चादरी उकळीत असे, आणि तिच्या हातून एखादा डाग राहून गेल्याचे कोणी पाहिले नाही. आजी सुईण होती. बोलावणे आले की हातातले काम टाकून निघे आणि उंबरठ्यावरूनच पहिला हुकूम सोडी, तो घरातल्या पुरुषांनी बाहेर बसण्याचा. आई त्याच प्रसूतिगृहात आया म्हणून लागली आणि तीस वर्षे दुसऱ्यांची बाळे न्हाऊमाखू घालून ताठ मानेने घरी गेली. या तिघींनंतर चौथी आली ती रीतसर शिकून, परीक्षा देऊन, पांढऱ्या गणवेशात. तिला सगळे अत्तरबाई म्हणत.

नाव चेष्टेने पडले होते. प्रसूतीच्या खोलीला फिनेल आणि स्पिरिट यांखेरीज तिसरा वास ठाऊक नव्हता, त्या काळात या बाईंनी सात छोट्या बाटल्या आणल्या. लॅव्हेंडर, संत्र्याची साल, पुदिना, गुलाब आणि आणखी तीन. ‘‘अत्तर नव्हे, तेल,’’ असे त्या पहिली दोन वर्षे प्रत्येकाला दुरुस्त करीत राहिल्या. मग माणसे सुधारत नाहीत हे ओळखून त्यांनी नाद सोडला. कामाची रीत मात्र त्यांनी कोणासाठी सोडली नाही. तेलाचे दोन थेंब, तेही चमचाभर साध्या बदाम तेलात मिसळून. नुसते अंगाला कधी नाही, पोटात तर मुळीच नाही. आणि भिंतीवर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात एक कागद: ‘बाईने नको म्हटले की वास बाहेर. कारण विचारू नये.’

हा कागद का लावला, हे सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी सकाळी कारण स्वतःच चालत आले आणि तीन नंबरच्या खोलीचे दार अडवून उभे राहिले.

बाई पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, गळ्यात चष्म्याची दोरी. डाव्या तर्जनीची कातडी सुईने टोचून टोचून खरबरीत झालेली. कपडे शिवणाऱ्या म्हणून त्यांना सगळा मोहल्ला टेलरबाई म्हणे.

‘‘ओळखलंत?’’ त्यांनी विचारले.

अत्तरबाईंनी क्षणभर पाहिले. ‘‘ओळखलं. पाच नंबरची खोली. खिडकीशेजारची खाट.’’

‘‘मग आल्या पावली परत फिरा. आत माझी लेक आहे, पहिलटकरीण आहे. तिला तुमचा हात लागायचा नाही.’’

मागे दोन पिशव्या, एक उशी आणि थर्मास घेऊन जावई उभा होता. तो लिफ्ट दुरुस्त करीत असे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी धीराने बोलण्याची त्याला सवय होती. ‘‘आई, अहो, हिनंच यांचं नाव काढलं होतं. हिच्या मैत्रिणीच्या वेळी यांनीच—’’

‘‘तुम्ही उशी सांभाळा,’’ टेलरबाई म्हणाल्या. जावयाने उशी सांभाळली.

‘‘त्या दिवशी मी काय सांगत होते, आठवतंय तरी?’’

‘‘आठवतं. ‘हा वास नको, मला मळमळतंय, काढा,’ असं सांगत होतात.’’

‘‘आणि तुम्ही काय म्हणालात?’’

व्हरांड्यातून औषधांची ट्रॉली खडखडत चालली होती. ती पुढे जाईपर्यंत थांबता आले असते, आवाज खाली आणता आला असता. अत्तरबाईंनी दोन्ही केले नाही. ‘‘म्हणाले, ‘थोडं सोसा. सगळ्यांना बरं वाटतं यानं. नखरे करू नका.’ ’’

जावई उशीकडे पाहू लागला.

तेव्हा तेले नवी होती आणि अत्तरबाईही नव्या होत्या. मोठे डॉक्टर हसतात, बरोबरीच्या सिस्टर नाक मुरडतात, म्हणून आपली तेले खरी ठरवायचीच, असा त्यांनी चंग बांधला होता. एक तासभर त्या टेलरबाईंच्या नाकाशी गुलाबाच्या तेलाचा रुमाल धरून बसल्या. टेलरबाई ओकल्या, रडल्या आणि शेवटी बोलायच्याच थांबल्या. मग ऑपरेशन झाले. बाळाचे तोंड वरच्या बाजूला होते, कोणी काहीही केले असते तरी ऑपरेशन टळले नसते, असे मोठ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. कोणीही अत्तरबाईंना बोल लावला नाही, म्हणून तो त्यांना स्वतःच लावून घ्यावा लागला. ऑपरेशनचा दोष त्यांचा नव्हता. त्या तासाचा मात्र त्यांचाच होता.

‘‘ऑपरेशनचं मी मनात ठेवलं नाही,’’ टेलरबाई म्हणाल्या. ‘‘लेक धडधाकट मिळाली. पण तासभर मी बोलत होते आणि खोलीत कुणाला ऐकू येत नव्हतं. तो तास माझा होता. तुम्ही घेतलात.’’

‘‘घेतला,’’ अत्तरबाई म्हणाल्या. ‘‘चूक सगळी माझी. तो तास मी तुमचं देणं लागते. मी नकोच असेन तर दुसऱ्या सिस्टरला पाठवते, कामाला चांगली आहे. पण आत येऊ दिलंत तर आज फेडीन.’’

टेलरबाई काही बोलणार, तोच आतून आवाज आला. ‘‘आई! तुमचं भांडण उरकलं असेल तर कुणीतरी माझी कंबर दाबा गं! आणि त्या तेलवाल्या बाईंना आत घे. बाळंत मी होतेय, तू नाही.’’

टेलरबाईंनी अर्धे दार सोडले. ‘‘मी इथून हलणार नाही.’’

‘‘हलूच नका,’’ अत्तरबाई म्हणाल्या. ‘‘मला तुमचे हात लागणार आहेत.’’

खोली लहान होती. एक खाट, एक स्टूल, बाळासाठी पांढरे टेबल आणि उंच खिडकी. लेक खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. डॉक्टरीणबाई तपासून गेल्या होत्या. सारे ठीक होते, फक्त वेळ लागणार होता. जाताना त्या दारात म्हणाल्या होत्या, ‘‘माझा तेलांवर फारसा विश्वास नाही. अत्तरबाईंवर आहे.’’ वयाने त्या अत्तरबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या आणि एवढी समज त्या वयाला पुष्कळ झाली.

दोन कळांच्या मधल्या वेळात अत्तरबाईंनी टीपकागदाच्या पट्ट्या काढल्या, प्रत्येकीवर एकेक थेंब टेकवला आणि एकेक पट्टी लेकीसमोर, हातभर अंतरावर धरली. स्वतः काही सुचवायचे नाही, चेहऱ्याने तर नाहीच, हा त्यांचा नेम होता.

लॅव्हेंडरला लेक म्हणाली, ‘‘हा धुतलेल्या उशीसारखा. झोप येईल मला.’’

‘‘पुढचा?’’

‘‘ईऽ, पुदिना! टूथपेस्ट.’’

गुलाबाची पट्टी त्यांनी काढली नाही. ‘‘गुलाबसुद्धा आहे. पण तुमच्या आई इथे आहेत, तो मी उघडणार नाही.’’ टेलरबाईंनी चष्मा पुसला.

संत्र्याला लेकीने डोळे मिटले. ‘‘हा. शाळेतली मधली सुट्टी.’’

‘‘ठरलं तर. आता नीट ऐका. यानं कळ कमी होत नाही. कळ कळच राहते. श्वास कुठे न्यायचा ते तेवढं सापडतं. आणि ज्या घडीला नको वाटेल त्या घडीला ‘नको’ म्हणा.’’

‘‘का म्हणून सांगावं लागेल?’’

‘‘मुळीच नाही.’’

त्यांनी वाटीत तेल मिसळले आणि वाटी टेलरबाईंपुढे धरली. टेलरबाईंनी ती नाकाशी नेली, दूर केली, पुन्हा नेली. ‘‘वास चांगला आहे. बाई चांगली आहे असं मी म्हटलेलं नाही.’’

‘‘मी तसं ऐकलंही नाही. इथे, कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर. दोन्ही तळवे. जाड कापडाची शिवण इस्त्रीखाली दाबता ना, तसा सरळ भार द्यायचा.’’

ही भाषा टेलरबाईंना कळली. पुढची कळ आली तेव्हा त्यांनी असा भार दिला की लेक म्हणाली, ‘‘आई गं! इतकी वर्षं कुठे लपवून ठेवले होतेस हे हात?’’

‘‘तुझे फ्रॉक शिवत होते, कार्टे.’’

दुपार अशी सरली. लेक चालली, टेकली, पुन्हा चालली. जावई मोबाईलवर कळा मोजत होता आणि दर वेळी आकडा जाहीर करीत होता. ‘‘पुन्हा आकडा सांगितलास तर तुला लिफ्टमध्ये कोंडीन,’’ असे लेकीने बजावल्यावर तो मनातल्या मनात मोजू लागला. अत्तरबाई मधूनमधून बाळाचे ठोके ऐकत, कागदावर टिपत, पाणी पाजत. टेलरबाईंचे हात चालूच होते. तेल त्यांच्या मनगटांपर्यंत चढले होते आणि खोलीत संत्र्याच्या सालीचा उजेडासारखा वास पसरला होता. अत्तरबाईंनी एकदा ‘‘थोडं बसा’’ म्हटले, तर त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही बसा. मला चांगलं जमायला लागलंय.’’

आणि मग कळा बदलल्या. हे वळण अत्तरबाईंना पाठ होते. इथे बाई कोणाची लेक राहत नाही, कोणाची बायको राहत नाही. लेकीने मान झटकली.

‘‘नको.’’

टेलरबाईंना ते पुरते कळलेच नाही. हात तसेच ठेवून त्या पुढे वाकल्या. ‘‘अगं, थोडं सोस. मघाशी यानंच बरं वाटत होतं की तुला—’’

‘‘नको ना! वास नको! काढा!’’

‘‘नको म्हणाली ती,’’ अत्तरबाई म्हणाल्या.

आवाज चढा नव्हता. पण टेलरबाईंचे हात जागच्या जागी थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आले होते. त्यांनी अत्तरबाईंकडे पाहिले, आणि अत्तरबाईंनी ती नजर पुरी होऊ दिली नाही. त्या आधीच कामाला लागल्या होत्या. पट्ट्या, वाटी, टॉवेल सगळे एका पिशवीत घालून पिशवी जावयाच्या हाती, जावई व्हरांड्यात. खिडकी सताड उघडी. बिछान्यावरची चादर बदलून दुसरी. लेकीची कंबर कोमट पाण्याने पुसून कोरडी. ‘‘कोपरापर्यंत साबण लावा,’’ असे त्यांनी टेलरबाईंना नळाशी उभे केले आणि शेजारी स्वतः हात धुतले, दोनदा. गणवेशाला वास लागला होता, म्हणून त्यांनी वरचा एप्रन काढून दारामागे टाकला आणि कपाटातला नवा घातला. ज्या तेलांवर त्यांनी आयुष्यभराचे नाव कमावले होते, त्यांचा थेंबभर मागमूस त्या खोलीत तीन मिनिटांत उरला नाही.

मग त्या लेकीसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. ‘‘सांगा.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘जे हवं ते. मी ऐकतेय.’’

त्यानंतरचा वेळ टेलरबाईंनी भिंतीला पाठ लावून पाहिला. ‘‘हात ठेवा,’’ असे लेक म्हणे. अत्तरबाई हात ठेवीत. ‘‘काढा.’’ काढीत. ‘‘बोलू नका.’’ त्या गप्प बसत. ‘‘काहीतरी बोला ना!’’ की हलक्या आवाजात सांगत, बाळ खाली येतंय, ठोके छान आहेत. एकदा लेकीने त्यांच्या खांद्यात नखे रुतवली आणि लगेच ‘‘सॉरी, सॉरी’’ म्हणाली. ‘‘खांदा तुमचाच,’’ त्या म्हणाल्या. एकदा तिने त्यांना एक शिवी दिली, स्वच्छ, खणखणीत. अत्तरबाईंनी ती पाण्याचा घोट घ्यावा तशी घेतली. तीन पिढ्यांत कोणापुढे न वाकलेल्या घराण्यातली ती बाई, प्रसूतिगृहातल्या सगळ्या सिस्टर जिच्या पावलांच्या आवाजाने पदर सावरीत ती बाई, गुडघ्यावर बसून आपल्या लेकीच्या वयाच्या मुलीचा शब्द झेलत होती. त्यात कमीपणा कुठेच दिसत नव्हता. हुकूम करणे पुष्कळांना साधते. असा हुकूम मानणे फार थोड्यांना.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांच्या हातात बाळ आले. मुलगी. रडली तीही आजी बोले तशी, ठणकावून. नाळ कापून तिला आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वर कोरडे फडके टाकले. लेक हसत होती, रडत होती आणि धापा टाकत सांगत होती, ‘‘मी सांगत होते आणि सगळं तसंच होत होतं. आई, पाहिलंस ना?’’

‘‘पाहिलं,’’ टेलरबाई म्हणाल्या. ‘‘सगळं पाहिलं.’’

डॉक्टरीणबाई गेल्या. जावयाला आत घेतले. त्याने बाळाकडे पाहिले आणि तो आकडे पार विसरला. अत्तरबाई अजून जमिनीवरच होत्या. गुडघे धरले होते. उठण्यासाठी त्यांनी खाटेचा दांडा धरला आणि सोडून दिला, खाट हलली तर आई-बाळाला धक्का बसेल म्हणून. कोणाला हाक मारण्याची त्यांना सवय नव्हती.

टेलरबाई भिंतीपासून पुढे आल्या. घड्याळाकडे त्यांनी एकदा पाहिले. ‘‘सव्वा तास झाला.’’

‘‘तासच लागत होते मी.’’

‘‘वरच्या पाव तासात मी मघाशी बोलले ते वळतं झालं,’’ टेलरबाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘तुमच्यासारखंच बोलले. शब्दसुद्धा तेच.’’

‘‘तुम्ही एकदाच बोललात. मी तासभर बोलत होते.’’

टेलरबाई खाली वाकल्या. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

‘‘फिटलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुरतं फिटलं. उठा आता.’’

अत्तरबाईंनी ते हात धरले. टेलरबाईंनी त्यांना उभे केले, आणि त्या सरळ उभ्या राहिल्या आहेत याची खात्री होईपर्यंत हात सोडले नाहीत.