तीनशे बारा पायऱ्यांची खुर्ची

मी फणसाच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण माझ्यावर निवांत असं कुणी कधी बसलंच नाही. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात, काजूटेकडीवर, अनीझिओ सुतारानं मला घडवलं आणि दोन्ही बाजूंना बांबू बांधले. टेकडीवर रस्ता नाही, तीनशे बारा पायऱ्या आहेत. आजाऱ्याला माझ्यात बसवून चौघं खाली नेतात.

पायथ्याशी गोऱ्यांची श्रीमंत वसाहत. तिच्यातून गेलं तर इस्पितळ दहा मिनिटांवर. पण फाटक आम्हाला बंद, म्हणून भिंतीला वळसा घालायचा, पाऊण तासाचा. भिंतीपलीकडे ऐंशीचे म्हातारे सकाळी पळायला निघतात. आमच्याकडे, काळ्यांच्या वस्तीत, साठी गाठली तरी लोक नवल करतात. अनीझिओच्या छातीत कळ आली तेव्हा त्यालाही माझ्यातच बसवलं होतं. त्या वळशावरच तो गेला.

मग एका दुपारी त्याची मुलगी झुलेइदी बाळंतपणात अडली. रक्त थांबेना, म्हणून तिला माझ्यात बसवून खाली आणलं. टेकडीची सुईण, म्हातारी एदेलझुइता, फाटकापाशीच थांबली.

"जेनिवाल्दो, उघड!"

पहारेकरी आमच्याच टेकडीवरचा. "मावशी, नोकरी जाईल माझी."

"मेल्या, तुझी नाळ या हातांनी कापली. हिला वळशावर मारू? तिच्या बापासारखी?"

त्यानं माझ्या पाटावरचं रक्त पाहिलं. फाटक उघडलं. एवढंच नाही, धापा टाकणाऱ्या एकाला बाजूला सारून त्यानं स्वतः बांबू खांद्यावर घेतला! गुळगुळीत रस्त्यावरून ती अनवाणी माणसं मला घेऊन धावत होती आणि गॅलऱ्यांतली माणसं वाकून बघत होती. माणसाच्या खांद्यात एवढं बळ असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

झुलेइदी वाचली, तिची लेकही वाचली. जेनिवाल्दोची नोकरी मात्र दुसऱ्याच दिवशी गेली. तेव्हा सगळी टेकडी खाली उतरली आणि मला पुढ्यात ठेवून फाटकासमोर बसली. अकराव्या दिवशी वसाहतीनं आजाऱ्यांसाठी वाट मोकळी केली आणि त्यालाही परत कामावर घेतलं.

पायऱ्या अजून तेवढ्याच आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे. माणसं जपा. वर रस्ता न्या, दवाखाना न्या, आणि मला खुशाल चुलीत घाला.