तिसरी आणि चौथीच्या मधला पडदा

मित्रांनो, या गावातल्या सरकारी शिक्षणाचा मी आधारस्तंभ आहे. म्हणजे स्तंभ वेगळे होते, छप्पर त्यांनीच धरलं होतं. मी एक जुना लाकडी पडदा आहे. शाळेच्या दप्तरी माझी नोंद 'पार्टिशन' अशी आहे.

माझ्या आधी गावची शाळा एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या कोठारात भरायची. हंगाम आला की पोती आत आणि मुलं बाहेर. मग नगरपालिकेने इमारत बांधली. दोन खोल्या मंजूर होत्या, बांधून झाल्यावर एकच लांबलचक हॉल निघाला. भिंत कुठे राहिली हे कोणालाच सांगता येईना, म्हणून सुताराला बोलावलं. त्याने खालून अंदाज घेतला आणि मला बनवलं. मी छतापासून हातभर खालीच राहिलो. सुतार म्हणाला, "तेवढी हवा खेळती राहील."

हवा राहिलीच, आवाजही खेळता राहिला. माझ्या एका बाजूला तिसरी, दुसऱ्या बाजूला चौथी. तिसरीच्या मुलांना चौथीचा इतिहास ऐकूनच पाठ व्हायचा. चौथीत गेल्यावर ती निवांत खिडकीबाहेर बघत बसायची. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी मला थोपटून "उत्तम कल्पना" म्हटलं होतं. ते वर्गात बसले नव्हते.

शेवटच्या काळात तिसरीला बाई होत्या आणि चौथीला गुरुजी. दोघांचं बोलणं माझ्यावरूनच चालायचं.

"गुरुजी, जरा हळू. इकडे कविता चाललीय."

"कविता कुठे पळून जातेय, बाई? इकडे भागाकार अडलाय!"

मग बाई मुलांना शुद्धलेखन द्यायच्या आणि भागाकार सुटेपर्यंत थांबायच्या. दुपारी गुरुजी चित्रकला द्यायचे आणि कवितेला वाट मिळायची. असं नाइलाजाचं सौजन्य मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. अर्थात, मी दुसरीकडे कुठे गेलोही नाही.

पुढे मोठ्या रस्त्यावर खासगी शाळा निघाली. तिच्याकडे टाय होते आणि पिवळी गाडी होती. आमचे बाक रिकामे होत गेले. एक दिवस पत्र आलं की पट कमी असलेल्या शाळा पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार, पाहणीला साहेब येतील.

बाईंना घोर लागला तो गवंड्याच्या मुलीचा. ती तिसरीत होती आणि चौथीचे भागाकार माझ्या आडून तोंडी सोडवायची. तिचा बाप स्पष्ट म्हणाला होता, "बाई, इथवर ठीक आहे. पुलावरून ट्रक जातात, तिकडे नाही धाडायचा मी पोरीला."

गुरुजींनी शक्कल काढली. "पडदा काढू या. दोन्ही वर्ग एकत्र बसवले की हॉल कसा भरगच्च दिसेल!"

बाईंनाही पटलं. मला उचलून व्हरांड्यात टेकवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी दोन्ही वर्ग एका नजरेत पाहिले. खरंच भरगच्च दिसत होते, मला भरून आलं.

साहेब आले. म्हणाले, "वा! तिसरी कुठली?"

"पुढच्या दोन रांगा," बाई म्हणाल्या.

"आणि मागे चौथी? दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात?"

"अगदी आनंदाने, साहेब!" गुरुजी म्हणाले.

"शिकवायला अडचण नाही?"

"छे, छे!"

"मग शिक्षक दोन कशाला?"

त्यावर गुरुजींनी खिशातला खडू काढला आणि परत ठेवला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, ते खोटं बोलतायत, खूप अडचण आहे, मला आत न्या! पण लाकडाचं कोण ऐकतं?

बाईंची बदली महिनाभरातच कचेरीत झाली, माहिती भरण्याच्या कामावर. गुरुजी दोन वर्ग एकट्याने ओढत राहिले. दोनदा चक्कर येऊन पडले, मग निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. शिक्षक नाही म्हणून मुलं कमी झाली आणि मुलं कमी म्हणून शाळा मिसळली. गवंड्याची मुलगी आता धाकट्या भावाला सांभाळते. कधीकधी त्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात येते, माझ्यावर कोळशाने भागाकार मांडते आणि तो सुटला की हाताने पुसून टाकते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. शाळा मोडकी असेल तर मोडकी दिसू द्या. जे कमी आहे ते कमी आहे असं मोठ्याने सांगा. आणि बाकांवर नावं कोरू नका.

पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत सध्या तिसरीला शिक्षक नाही.