शिक्क्यातला 'प्र.'

"गुरुजी, शिक्का कुठंय? बिनशिक्क्याचा अर्ज साहेब हातात बी धरत न्हाईत," आमदारांचा पीए सुदर्शन अर्ज परत सरकवत म्हणाला.

सावळेराम गुरुजींनी पिशवीतून शिक्का आणि पॅड काढलं. नारायणगावच्या त्या बंगल्यात खुर्चीच्या कडेवर टेकून त्यांनी सहीखाली शिक्का उमटवला : मुख्याध्यापक. वर अर्जात मागणी होती, मला मुख्याध्यापक करा. शिकलेला माणूस घसरतो तो असा.

शिक्क्यात खरं तर आधी 'प्र.' हवं होतं, म्हणजे प्रभारी. डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरची शाळा गुरुजी अकरा वर्षं ओढत होते. काम हेडमास्तरचं, हुद्दा साध्या शिक्षकाचा. शिक्का करणाऱ्याने चुकून 'प्र.' गाळलं होतं आणि "दुसरा करून देऊ का?" असं विचारलंही होतं. गुरुजींनी शिक्का रुमालात गुंडाळला आणि ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." उभ्या नोकरीत त्यांनी केलेली चैन ती एवढीच.

आता मेअखेर निवृत्ती होती. खरा जन्म दिवाळीतला; पण शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या पोरांची लिहायचे तशी यांचीही जन्मतारीख एक जून लिहिली, आणि नोकरीचे पाच महिने त्यात गेले. त्याचंही गुरुजींना काही नव्हतं. एक दिवस का होईना, खरंखुरं हेडमास्तर होऊन घरी जायचं, एवढंच मनात होतं.

अर्ज घेताना दिलेल्या शब्दाला आमदार सयाजीराव जागले. अधिवेशनात त्यांनी वाडीचे तीन विषय मांडले : ओढ्यावरचा साकव, शाळेच्या नव्या खोलीला निधी आणि गुरुजींची बढती. साकव मंजूर झाला. खोलीही मंजूर झाली. बढतीवर लेखी उत्तर आलं, 'अर्जावरील शिक्क्यावरून सदर पद भरलेले दिसते. प्रश्न उद्भवत नाही.'

मागोमाग नोटीस आली. नसलेला हुद्दा वापरल्याचा खुलासा करा, तोवर बढतीच्या यादीतून नाव बाहेर. पद रिकामं आहे हे मात्र या निमित्ताने वरच्यांच्या ध्यानात आलं आणि यादीतल्या पुढच्या माणसाला ते देऊन टाकलं.

साकवाच्या भूमिपूजनाला सारी वाडी शाळेच्या पटांगणात लोटली. प्रास्ताविक गुरुजींनीच केलं, आमदारांना हारही त्यांनीच घातला. सयाजीराव माइक हातात घेऊन रंगात आले.

"सभागृहात लई विषय मांडले मी, पर असा गडी न्हाई बघितला राव! हेडमास्तर करा म्हनून अर्ज, आन् खाली शिक्का हेडमास्तरचा! मंत्री मला म्हनले, अवो, ह्यो तर आधीच झालाय!"

पटांगण हसून लोटपोट झालं. गुरुजींनी ज्यांच्या हाताला धरून अक्षरं गिरवून घेतली, ते पुढच्या रांगेतले बाप्येही हसले. बायकांमध्ये बसलेल्या कुशाबाईला, गुरुजींच्या बायकोला, काहीच उमगलं नाही. शेजारणी हसल्या म्हणून तीही पदर तोंडाला लावून हसली. ते गुरुजींनी पाहिलं, आणि त्यांनीही हसून सभेला हात जोडले.

घरी आल्यावर तिने विचारलं, "सायेब तुमचंच नाव घेत व्हतं ना वो? झालं का तुमचं काम?"

"आधीच झालंय म्हनलं," गुरुजी म्हणाले. ती खूश झाली.

एकतीस मेला गोरख चार्ज घ्यायला आला. गुरुजींपेक्षा बारा वर्षांनी लहान, खिशात बढतीची ऑर्डर. गुरुजींनी शाळेच्या सामानाची यादी वाचली : घंटा एक, नकाशे चार, शिक्का एक. गोरखने शिक्का उलटा करून पाहिला.

"बरं झालं, ह्याच्यात 'प्र.' न्हाई. मला नवा करायला नगं."

त्याने यादीखाली, आपल्या सहीजवळ शिक्का मारला. पहिलं अक्षर नीट उठलं नाही.

"डाव्या अंगाला जरा दाबून मारा," गुरुजी म्हणाले, "न्हाईतर 'मु' उठत न्हाई."

गोरखने दाबून मारला. शिक्का स्वच्छ उठला. मग गुरुजींनी यादी आपल्याकडे ओढली, सही केली आणि तिच्याखाली, मुलांना फळ्यावर काढून दाखवायचे तशा वळणदार अक्षरात हाताने लिहिलं : प्र. मुख्याध्यापक.